रिकामा कोपरा

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सर्व ठीक. आई गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर आहे तशीच आहे: उजवा हात लुळा, वाचा गेलेली, राग मात्र शाबूत.

आता मुद्द्याचं. हौशी रेडिओच्या नव्या वाटणीचा तुमच्या समितीचा मसुदा वाचला. खाली सचिव म्हणून तुझी सही पाहून चहा थंड झाला. लहरींच्या पट्ट्याचा खालचा कोपरा इतकी वर्षं आम्हा टिंब-रेघा ठोकणाऱ्या मोर्सवाल्यांचा, वर संगणकवाले, त्याच्या वर बोलणारे. कुणी कुणाच्या अंगणात पाय ठेवत नाही. तू म्हणतेस कुंपणंच काढा, आणि आमच्या कोपऱ्यात आपोआप चालणारी स्टेशनं बसवा. समोर माणूसच नाही अशी स्टेशनं! आधी कुणी बोलतंय का ते बघत नाहीत, वेळ झाली की सुटतात.

आईने आपल्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर चमच्याने मोर्स शिकवलं, तेव्हा पहिला धडा काय होता? संदेश ठोकायची की दाबण्याआधी विचारायचं, जागा रिकामी आहे का. बोटींचे संदेश घेण्यात जिची सारी नोकरी सरली, तिच्या मुलीने हे लिहावं याची मला लाज वाटली.

थोडाफार लोभ शिल्लक असेल तर तो असू द्यावा.

तुझा दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. लाज वाटली हे बरं झालं, निदान काहीतरी वाटलं.

तू दिवसभर लोकांच्या तोंडात यंत्रं घालतोस आणि त्यांना बोलू देत नाहीस. दवाखान्यातली ती सवय घरच्यांवर चालवू नकोस. ज्या स्टेशनांना तू नाकं मुरडतोस, त्यांच्यावरून छोट्या होड्यांना हवामानाचा इशारा जातो. त्यांना वर जागा उरलेली नाही, तिथे नव्या पोरांची दाटी झाली आहे. खाली तुम्ही चार म्हातारे एकमेकांना गुडघेदुखी कळवता. मी लिफ्ट बसवणारी बाई आहे. ज्या मजल्यावर कुणी चढत नाही, तिथे लिफ्ट अडवून ठेवलेली मला बघवत नाही.

आणि हे माझ्या मनचं नाही. माझ्या संगणकाने तुमचा कोपरा दोन आठवडे ऐकला. तू आणि तुझी टोळी सोडली तर पाटी कोरी. सकाळी एक तुटक टकटक येते, तिचा अर्थ लागत नाही. संगणकाने ‘अवाचनीय, बिघडलेलं उपकरण’ अशी नोंद केली. कुणाचा तरी जुना फ्रिज असणार. तुमच्याच गावातून येतेय, जमलं तर शोधून बंद करायला सांग.

आईला नमस्कार. रविवारी फोन करतेच. लोभ आहेच, पण वादात तो मध्ये आणू नये.

धाकटी


१७ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद द्यायला आज हात उठत नाही.

तो फ्रिज म्हणजे आपली आई आहे.

डाव्या हाताने पाठवते ती. कवळ्या बनवायच्या गुलाबी मसाल्यातून मी तिच्या तळहाताच्या मापाची की घडवली. आठ वेळा फेकून दिलीन, नवव्यांदा ठेवून घेतलीन. अजून टिंब लांबतं, रेघ तुटते, दोन अक्षरांत श्वास घेते. माणसाला कळतं, तुझ्या डबड्याला कळत नाही. तोंडाने एक शब्द निघत नाही त्या बाईचं सगळं बोलणं त्या कोपऱ्यात आहे, आणि तू तो रिकामा म्हणून वाटायला काढलास. तुझी स्टेशनं तिच्या टकटकीवर चढली तर ती पुन्हा मुकी होईल. टकटकीच्या कुठल्याही गर्दीतून आईचा हात ओळखते म्हणून मिरवायचीस ना? स्वतःच्या कानांनी एकदा तरी ऐकलंस?

डावा हात कीवर सरळ चालेपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, असं तिने पाटीवर कसंबसं लिहून मला बजावलं होतं. आज मी शब्द मोडला.

लोभाचं तूच बघ.

दादा


२३ फेब्रुवारी

दादास,

नमस्कार, आईने लावलेली सवय म्हणून.

वर्षभर दर रविवारी नर्सबाई आईच्या कानाला फोन धरतात. मी एकटीच बोलत राहते, पलीकडून फक्त श्वास येतो. फोन ठेवला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडते. आणि तू रोज सकाळी तिच्याशी गप्पा मारत होतास! मला कळू दिलं असतंस तर मी तो मसुदा असा लिहिला असता का? शब्द पाळलास म्हणे. तुला आई एकट्याला हवी होती, लहानपणापासून हवी होती.

ऐकलं नाही, हे खरं आहे. त्यासाठी तुझी क्षमा मागणार नाही, मागायची तर तिची मागेन.

आज सकाळी संगणक बंद केला आणि हेडफोन लावला. टकटक सुरू झाली. माझ्याने धीर धरवला नाही, लगेच कीवरून तिला हाक मारली, तीनदा मारली. टकटक थांबली ती थांबलीच. उत्तर आलं नाही. ती माझ्यावर रागावली आहे का, एवढंच विचारून कळव. बाकी तुझ्याकडून मला काही नको.

धाकटी


१ मार्च

चि. दोघांस,

आशीर्वाद. डाव्या हाताचं अक्षर आहे, नावं ठेवू नका. नर्सबाई दुसऱ्या प्रतीची सोय करतील, दोघांना एकेक.

दादा, शब्द मोडलास तो मोडलास, पण भांडणात मला पुढे केलंस, ते जास्त लागलं. मी तुझी हरकत नाही. कोपरा माझ्यासाठी राखायचा नाही. होड्यांना इशारा मिळत असेल तर त्या स्टेशनांना जागा द्या. मी जन्मभर होड्यांचंच ऐकत आले.

पण धाकटे, मसुद्यात एक ओळ घाल. ज्या यंत्राला समोर कुणी आहे का ते ऐकू येत नाही, त्याने पाठवायचं नाही. ऐकायला शिकेपर्यंत बाहेर बसावं. ही अट समितीत मान्य झाली नाही तर सचिवपद सोड.

मी रागावले होते हे खरं. त्या दिवशी मी अर्ध्या शब्दात होते आणि कुणीतरी माझ्या टकटकीवर चढलं. कोण ते पहिल्याच अक्षराला कळलं. अक्षराचं शेवटचं टिंब तू आठ वर्षांची असल्यापासून खातेस. फ्रिज नाही वाटला मला.

रोज सकाळी मी असते. उद्या बस. हाक मारायची घाई नको. शिकवलं तसं आधी विचार, जागा रिकामी आहे का.

मी सांगेन, नाही, मी आहे.

आई