गेमचं भूत

दहिसर

तीर्थरूप सीताराममामांना विशालचा नमस्कार.

मामा, पोलिसांनी आज माझा मोबाइल परत दिला. मी सुटलो! सोमवारपासून विमानतळावरच्या कार्गोतल्या नव्या नोकरीवर हजर होतोय.

वॉचमन धोंडूकाकांचं डोकं फुटलं, तेव्हा तुम्हीच पोलीस साहेबांना सांगितलंत, "हा दिवसभर गेममध्ये माणसं मारतो. यानेच मारलं असणार." सगळ्या बिल्डिंगने मान डोलावली. तुम्ही गावी निघून गेलात आणि इकडे पोलीस चौकशीपायी माझी नोकरी अडकली. मामा, घरात झुरळ दिसलं तरी मी शकुमामीला हाक मारतो.

आज धोंडूकाका शुद्धीवर आले आणि म्हणाले, "कोणी मारलं नाय, साहेब. वरून नारळ आला. कुंकू लावलेला."

मग बागेच्या कुंपणात नारळही सापडला.

आठवतं ना? अमावास्येला माझ्या डोक्यातलं गेमचं भूत घालवायला तुम्ही माझ्यावरून नारळ उतरवलात आणि गॅलरीकडे पाठ करून तिसऱ्या मजल्यावरून मागे फेकलात. वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाहीत.

मामी हसून हसून खालीच बसली. धोंडूकाकांनी तक्रार केली नाही. उलट मलाच विचारतात, "काय रे, गेलं का भूत?"

हे पत्र पाठवत नाही. तुमची पत्रं तिकडे शेजारी मोठ्याने वाचतात आणि तुमची गावभर शोभा मला नको. तुम्ही आलात की तुम्हाला गेम शिकवतो. त्यात निदान समोर बघून मारावं लागतं.

तुमचा निर्दोष भाचा,
विशाल