चालत्या मोटारसायकलचा जीर्णोद्धार

३ फेब्रुवारी, सकाळी

दादाने आज आपली जुनी मोटारसायकल स्वतः चालवत आणून आमच्या पोर्चमध्ये उभी केली. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, तरी स्टँड लावताना मदत घेतली नाही. म्हणाला, पंडित, घे, सांभाळ हिला. महिनाअखेरीस तो मुलाकडे परदेशी जातो आहे, कायमचा. जाण्याच्या आदल्या दिवशी इकडे येणार, शेवटचा एक फेरफटका मारणार, आणि मग गाडी माझी. अट एकच : तोवर हिला रोज एक किक मार, बाकी काही करू नकोस.

‘बाकी काही करू नकोस’ या वाक्याचा वाच्यार्थ घेणे हा अरसिकपणा होईल. ज्येष्ठ बंधू कनिष्ठाजवळ तोंड उघडून काही मागत नसतो. त्याच्या मनातले ओळखणे, हाच बंधुधर्म.

त्याच दिवशी, सायंकाळी

गाडी चालते. पण चालणे म्हणजे आरोग्य नव्हे. इंजिनात सूक्ष्म टकटक ऐकू येते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ऐकवली. तो चहा पिता पिता म्हणाला, गुरुजी, टॅपेट ढिला असेल. या कधीतरी, पाना फिरवून देतो.

‘असेल’, ‘कधीतरी’. रोगनिदानाची ही भाषा! उपचार मुळाशी जाणारा हवा. संकल्प केला : संपूर्ण जीर्णोद्धार. कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती जशी होती तशी, किंबहुना अधिक शुद्ध स्वरूपात, दादाच्या हाती द्यायची. पहाटे जप, नंतर गाडी, सायंकाळी वाचन. पंधरा दिवसांत काम संपून उरलेला काळ चिंतनासाठी मोकळा राहील.

५ फेब्रुवारी

जपात मन लागले नाही. बोटांत माळ, डोळ्यांपुढे चेन. अर्ध्यातून उठलो आणि सीट काढली. सीट काढल्यावर टाकी काढावीशी वाटली. टाकी निघाल्यावर स्वस्थ बसणे अशक्यच झाले.

ही दारात येऊन उभी राहिली. अहो, चालतीय ना? मग उघडताय कशाला? मी सांगितले की ज्याचे अंतरंग पाहिले नाही ते वाहन आपले नव्हे. ही म्हणाली, मिक्सरचं अंतरंग पाहिलं होतंत, तेव्हापासून मी हातानं वाटतेय.

मिक्सरचा उल्लेख येथे अप्रस्तुत आहे.

किक मारली नाही. तिच्या मार्गात एक नळी येत होती, म्हणून किकच काढून ठेवली आहे.

८ फेब्रुवारी

गाडी पूर्णपणे खोलून झाली. खोलताना चूक होऊच शकत नाही, हा मोठा दिलासा आहे. सुटे भाग ठेवण्यासाठी स्वयंपाकघरातले डबे घेतले. हिच्या परवानगीचा प्रश्न उद्भवला नाही, कारण ही बाजारात गेली होती.

प्रत्येक डब्यावर नाव लिहिले. येथे माझ्या व्यासंगाचा उपयोग झाला. मेकॅनिक लोक सगळ्याच गोल चकत्यांना ‘वॉशर’ म्हणतात. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणे हा पुनरुक्तिदोष होय, आणि तो मी उभ्या आयुष्यात केलेला नाही. म्हणून वलय, कंकण, मुद्रिका, मेखला, नूपुर अशी निरनिराळी नावे योजली. पाच नळ्या निघाल्या, त्यांना पंचप्राणांची नावे : प्राण, अपान, व्यान, उदान, समान. सायलेन्सरच्या नळीला ‘अपान’ हे नाव किती चपखल! स्वतःशीच हसलो.

बाजारातून आल्यावर ही डब्यांवरची नावे मोठ्याने वाचू लागली. मेखला, नूपुर, मुद्रिका... मग म्हणाली, गाडी बांधायची आहे की नवरी सजवायची आहे? आणि माझी साखर कुठे ओतलीत?

साखर बादलीत आहे. स्वच्छ बादलीत.

१० फेब्रुवारी

दादाचा फोन. किक मारलीस का, एवढेच विचारले. मी असत्य बोलत नाही. म्हणालो, अरे दादा, किक आत्ता माझ्या हातातच आहे. आणि ती होती.

खूश झाला. म्हणाला, उद्या फोन गाडीजवळ धर, आवाज ऐकव. इकडे सामान बांधून बांधून कंटाळा आलाय.

फोन ठेवल्यावर पोर्चमध्ये बऱ्याच येरझाऱ्या घातल्या. हिने पाय दाबून देऊ का म्हणून विचारले. पायांना काही झालेले नाही.

११ फेब्रुवारी

दादाचा फोन. आवाज ऐकव म्हणाला. म्हणालो, ती सध्या मौनात आहे. दादा खो खो हसला. म्हणाला, पंडित, तुझ्या घरात गेल्यावर गाडीसुद्धा व्रत धरायला लागली. पण मग हसणे थांबवून हळूच विचारले, ठीक आहे ना रे ती?

मी म्हणालो, पूर्वी कधी नव्हती इतकी स्वच्छ आहे. हेही असत्य नव्हे. प्रत्येक भाग रॉकेलने धुतला आहे.

१४ फेब्रुवारी

इंजिन बांधायला घेणार होतो. परंतु इंजिन हा विषय गहन. चंचल मनाने त्याला हात लावू नये. तेव्हा आधी रंग.

रंगवाल्याला सांगितले की पावसाने जड झालेल्या मेघाचा श्यामवर्ण हवा. त्याने कोड विचारला. मी म्हणालो, ध्यान लावले की दिसतो तो. तो म्हणाला, आजोबा, ध्यानात नको, कॅटलॉगवर बोट ठेवा. चष्मा घरी राहिला होता, तरी ठामपणे बोट ठेवले.

टाकी रंगवून वाळली. ही म्हणाली, छान, गच्चीवरच्या पाण्याच्या पांढऱ्या टाकीला मॅचिंग झाली.

मेघच तो. थोडा फिका मेघ.

१७ फेब्रुवारी

केवळ पूर्वस्थितीला आणणे पुरेसे नाही. दादा गेल्यावर गाडी माझी होणार, तर तिच्यावर माझ्या वृत्तीचा ठसा हवा. ‘कस्टमाइज’ करणे म्हणतात ते हेच. टाकी आणि हँडल सांगाड्यावर बसवून सुताराकडून टाकीवर पोथीसाठी एक छोटे स्टँड करून घेतले. सिग्नलला थांबलो असता एखादे पान सहज वाचून होईल.

स्टँड सागवानी, सुबक. फक्त हँडल आता त्याला अडते आणि डावीकडे वळत नाही. सुतार ओशाळून म्हणाला, काढून देतो. मी नको म्हणालो. सतत उजवीकडे वळत राहिले तर माणूस शेवटी घरीच परत येतो. पूर्वजांनी प्रदक्षिणा सांगितली ती काय उगीच? दादाच्या फेरफटक्याचा मार्ग त्याप्रमाणे आखून ठेवला आहे.

१९ फेब्रुवारी, सकाळी

आज इंजिन. डबे मांडून बसलो.

प्रश्न एकच उरला आहे. वलय कोणते आणि कंकण कोणते? लिहिताना अर्थभेद अत्यंत स्पष्ट होता. ‘कंकण’मधली चकती घेऊन बसवली, सैल पडली. ‘मुद्रिका’मधली घेतली, शिरली नाही. ‘नूपुर’ बरोबर बसले असे वाटले, तोच ते आत घरंगळले. आत म्हणजे कुठे, ते दिसत नाही. इंजिन हलवले की वाजते मात्र. नाव सार्थ झाले.

तीन वेळा उठलो, तीन वेळा बसलो. शेवटी वाचन करू म्हणून पोथी उघडली, तर पानावर ग्रीसचा अंगठा उमटला. आयुष्यात पहिल्यांदा पोथीला डाग लागला. हिला दाखवले नाही.

२२ फेब्रुवारी

आज घात झाला.

मी स्नानाला गेलो असता हिने परस्पर मेकॅनिकला बोलावले. भाऊजी पाच दिवसांवर आले, आता तरी कुणीतरी हात लावा, असे म्हणाली म्हणे. तो आला. पोर्चभर पसरलेले छोटे छोटे डबे त्याने पाहिले. एका मोठ्या डब्यावर ‘समान’ लिहिलेले. पंचप्राणांपैकी पाचवा, शरीरात समतोल राखणारा. त्या माणसाने तो शब्द ‘सामान’ असा वाचला! आणि वलय, कंकण, मुद्रिका, मेखला, झाडून सगळे त्या एका डब्यात ओतून, हात पुसून, माझी वाट पाहत बसला.

गुरुजी, सामान एका जागी असलेलं बरं. हरवत नाही.

एका कान्याने माझा घात केला. मी त्याला मात्रा आणि काना यांचे महत्त्व सविस्तर समजावून सांगितले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, खरंय, पण काकूंनी मला इंजिन बांधायला बोलावलं होतं, आणि यातलं काय कुठलं हे आता मलाही कळणार नाही. चहा पिऊन गेला.

हिने त्याच्या कपाबरोबर माझा अर्धा भरलेला कपही उचलून नेला.

२४ फेब्रुवारी

जप नाही. वाचन नाही. डब्यातून एकेक चकती काढतो, इंजिनाला लावून पाहतो, परत टाकतो. टाकलेली पुन्हा हातात येते.

ही म्हणाली, भाऊजींना फोन करून खरं सांगा. मी म्हणालो, खरे सांगण्याची वेळच येणार नाही. काम मूलतः झालेच आहे, केवळ जोडणी शिल्लक आहे. ही म्हणाली, अहो, लग्नाला सगळे जमलेत, फक्त नवरा-नवरी शिल्लक आहेत, तसं का?

२६ फेब्रुवारी, सकाळी

इंजिन बांधले. झाकणाचे बोल्ट आवळले. मनाला प्रथमच शांती मिळाली.

त्याच दिवशी, अर्ध्या तासाने

पिस्टन टेबलावर आहे.

२७ फेब्रुवारी, दुपारी

दादा आला. हेल्मेट काखेत, नवे बूट, इस्त्रीचा शर्ट. टॅक्सीतून उतरला तो सरळ पोर्चकडे.

गाडी दोन स्टुलांवर होती. चादर घातली होती. दादाने स्वतःच ती दूर केली.

मी लगेच सांगितले की बारा आणे काम झाले आहे. दादाने वाकून खालून, मागून, पुढून पाहिले. म्हणाला, मग इंजिन आणि चाकं उरलेल्या चार आण्यांत धरलीयस का?

नंतर डब्यांवरची नावे वाचली. ‘अपान’ वाचून इतका हसला की ठसका लागला. हिने पाणी आणून दिले. पोथीच्या स्टँडवर टिचकी मारून म्हणाला, नैवेद्य कुठे ठेवायचा? मीही हसलो. मला वाटले, प्रसंग निभावला.

मग स्टूल ओढून सांगाड्याशेजारी बसला. हँडलची मूठ धरली, पिरगळली, सोडली. म्हणाला, पंडित, हिची टकटक होती ना, ती मला फार आवडायची. टॅपेट मुद्दाम ढिला ठेवला होता मी.

मी प्रदक्षिणेच्या मार्गाचा नकाशा आणून दाखवला. त्याने तो नीट पाहिला, घडी घातली आणि परत दिला.

जेवताना हेल्मेट मांडीवर होते. ही म्हणाली, भाऊजी, द्या इकडे, ठेवते. तो म्हणाला, असू दे गं, हातात काहीतरी असलेलं बरं.

२८ फेब्रुवारी, सकाळी

दादा गेला. वाकून नमस्कार केला, तेव्हा त्याने पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला.

जाता जाता भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली गाडीची किल्ली त्याने काढली आणि खिशात टाकली. म्हणाला, बांधून झाली की फोन कर. किल्ली घेऊन मीच येईन.

ही आत निघून गेली. स्वयंपाकघरातून डबे घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

त्याच दिवशी, दुपारी

विचारांती परिस्थिती स्पष्ट झाली आहे. किल्लीवाचून मोटारसायकल पूर्ण म्हणता येणार नाही, आणि किल्ली खुद्द ज्येष्ठ बंधूंनी परदेशी नेली आहे. त्यामुळे जीर्णोद्धार थांबला, यात माझ्याकडे दोष येत नाही. हिलाही तसे समजावून सांगितले.

ही हात पुसत पोर्चमध्ये आली. म्हणाली, बरं. आणि उद्या घेऊन आलेच भाऊजी, तर किल्ली लावायची कुठे?

प्रश्न साधा आहे. किल्ली जिथे लागते ते कुलूप.

त्याच दिवशी, सायंकाळी

सापडले नाही.