टीव्हीवरच्या मरणाचं सुतक

बर्नली, बुधवार

डेस्मंडा मेल्या,

काल मालिकेत तुला ट्रकखाली घातलं आणि आज सकाळी अख्ख्या गल्लीनं खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. खरं प्रेत निघावं तसे! शेजारची एंटविसलबाई तर दुखवट्याचं हॅम ताटात घेऊन दारात उभी.

मी म्हटलं, "अगं, जिवंत आहे माझा नातू. आत्ताच लंडनहून फोनवर रडला."

"ते ठाऊक आहे गं," ती म्हणाली, "पण इतकी वर्षं दर मंगळवारी घरात येणारा माणूस. जनाची नाही तर मनाची तरी?"

हॅम खारट होतं.

तुझा फोन आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ओतते नि विसरते. तू विचारलंस, "आजी, नाटकात आता मला कोण घेणार? घरी येऊन मामाच्या दुकानात बसू का?" मी 'बघू' म्हणून फोन ठेवला.

मला नाटकातलं काही कळत नाही. पण ब्रॅडफर्डच्या त्या नाटकात तू नुसता ट्रे घेऊन आलास, एक वाक्य बोललास, आणि माझ्या पुढची बाई खोकायची थांबली. टीव्हीवर तुला बघून कुणी खोकायचं थांबलेलं मी पाहिलं नाही.

तू आलास तर मला फार बरं वाटेल, आणि तीच तर भीती आहे. म्हणून दुपारी तुझी खोली गिरणीतल्या एका मुलीला भाड्यानं देऊन टाकली.

हे पत्र काही मी पेटीत टाकायची नाही. फोनवर एवढंच सांगेन, की खोली गेली.

तुझी दुष्ट आजी,
एडिथ