खिडकीपाशी बसणारा सात नंबर

९ एप्रिल

हॅल विनिकचा फोन. माझाच जुना विद्यार्थी, व्याकरणात कच्चा— आता शहराच्या फुटबॉल संघासाठी देशभर पोरं हेरत हिंडतो. सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलतात, त्या या वर्षीच्या निवडीत त्यांना क्वार्टरबॅक हवाय, म्हणजे हाताने चेंडू फेकून डाव चालवणारा, आणि यादीत आपल्या गावचा एमेट! धाकटा एमेट लोव्हरी.

हॅल म्हणाला, पोराच्या पायांत वारा आहे. पण फेक भरवशाची नाही, आणि अंगावर आलेल्याला चुकवायचं सोडून सरळ धडकतो. निम्मे म्हणतात घ्या, निम्मे म्हणतात हात पोळतील.

"सर, तुम्ही शिकवलंय त्याला. विचार करून सांगा. मी लिहून देणार आहे."

मला फुटबॉलातलं काय कळतं? शुक्रवारी सामना असला की वर्गात कविता कुणी ऐकत नाही— एवढंच.

११ एप्रिल

दिवसभर तोच डोळ्यांपुढे. खिडकीजवळचा बाक, बाकाबाहेर आलेले लांब पाय, मागे काचेत पोलादाच्या भट्टीचा धूर. नदीची कविता म्हणायला उभा राहिला की वर्ग चिडीचूप. मैदानातही त्याच लयीत पळायचा— ओळ संपली असं वाटावं, तिथे वळायचा.

१२ एप्रिल

स्टॅशच्या दुकानात केस कापायला गेलो. (उरलेत किती!) तिथेही तोच वाद. स्टॅशचं म्हणणं, पोरगा म्हणजे ब्रेक नसलेला ट्रक, दोन वर्षांत स्वतः मोडेल आणि संघालाही मोडेल. तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडलेला व्हर्न आतूनच बोलला, "भट्टी बंद पडून पंचवीस वर्षं झाली. तेव्हापासून गावाचं नाव पेपरात येतं ते कुणी मेलं तरच. घेऊ दे की त्याला."

बाहेर लोरेन भेटली— धाकट्याची आई. तिचा नवरा थोरला एमेट, तोही माझ्याच हाताखाली शिकलेला, त्याच्याही पाठीवर सातच नंबर. वारला त्याला सहा वर्षं झाली. निवडीचे तीन दिवस चर्चच्या हॉलमध्ये टीव्ही लावणार आहेत. पिरोगी (बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या) ती करणार. मला पहिल्या रांगेत बसायचा हुकूम.

१४ एप्रिल

एक गोष्ट आठवली आणि आता जात नाही.

शुक्रवारच्या सामन्यात त्याच्या डोक्याला लागलं होतं. थोडा वेळ पडून राहिला, मग उठला, खेळला. सोमवारी कविता म्हणायला उभा केला. दोन ओळी— आणि थांबला. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही चुकून दुसऱ्याच्या अंगणात शिरलाय. पोरं हसली. मी म्हणालो, "नीट पाठ करून ये."

बस. इतकंच. ना नर्सला सांगितलं, ना प्रशिक्षकाला. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा मैदानात, आणि मी टाळ्या वाजवतोय!

१५ एप्रिल

सांगितलं तर त्याचं सगळं जाईल. नाही सांगितलं तर डोकं जाईल.

१७ एप्रिल

सांगितलं.

हॅल बराच वेळ लिहीत होता. मग विचारलं, "सर, नक्की ना? हे एकदा डॉक्टरांच्या कानावर गेलं की आमच्यापुरतं राहणार नाही. बाकीच्या संघांनाही कळेल."

मी म्हणालो, "बाळ, पंचेचाळीस वर्षं शिकवलं. वर्गातला एक चेहरा विसरलेलो नाही."

फोन ठेवला. त्या सोमवारी जे करायला हवं होतं, ते आज केलं.

२८ एप्रिल

तीन दिवस. सात फेऱ्या. अडीचशेवर नावं वाचली— त्याचं नाही.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. काल दुपारी आम्ही नऊ जण. पिरोगी गार. व्हर्न टोपी हातात फिरवत बसलेला. धाकटा स्वतःच सगळ्यांना कॉफी देत फिरत होता. माझ्यापाशी वाकला. "सर, दोनच साखर ना?" मी मान हलवली, कप तसाच खाली ठेवला.

आजच्या पेपरात आलंय— शाळेतली जुनी दुखापत, लपवलेली. मार लागल्यावर पाठ असलेली कविताही आठवेना, असं एका शिक्षकांनी सांगितलं. नाव नाही. पण गावात कविता पाठ करून घेणारा दुसरा कोण?

डोकं वाचलं पोराचं. हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. मन ऐकत नाही.

४ मे

लोरेन आली. आत आली नाही, पायरीवरच उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"सर, कविता विसरला तो माझा नवरा. मी होते ना वर्गात, मागच्या बाकावर. मीही हसले होते. पोराला शाळेत कधी साधं खरचटलंही नाही. तो म्हणतो, आई, सरांना काही बोलू नकोस, त्यांना आता आठवत नाही."

ती गेल्यावर हॅलला फोन लावला. म्हणालो, चूक झाली, तो हा एमेट नव्हे, त्याचा बाप.

हॅल अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं—

"सर, घरी कुणी आहे का तुमच्याजवळ?"