दादांनी घेतलेली लग्नाची वेबसाइट

४ फेब्रु., बुध.
ऑर्डर आली!!! पशुधन पर्यवेक्षक, जिल्हा गडचिरोली. आईला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं डोळे पुसले, मग विचारलं, "हजर कधी व्हायचं?" २ मार्चला. अन् माझं लग्न १२ मार्चला!

५ फेब्रु.
सुहासला फोन. तामलवाडीच्या द्राक्षबागेतच होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "मुदतवाढ बिलकुल मागू नको," म्हणाला. "बावीसला रविवार हाय. अणदूरला खंडोबापुढं हार घालू, फक्त घरची माणसं. तू हो पुढं. द्राक्षं उतरली की मी आलोच." मला हसूच आवरेना. एवढ्या लांब येईन म्हणतो, अन् तेही असं सहज.

६ फेब्रु.
दादांना सांगितलं.
दादांची सगळी नोकरी परंडा–कुर्डुवाडी गाडीवर कंडक्टर म्हणून गेली. अर्धा तालुका ओळखीचा. माझ्या अन् सु.च्या नावाची वेबसाइट त्यांनीच हौसेनं घेतली. साखरपुड्याचा फोटो, १२ मार्च, मंगल कार्यालय, खाली 'येणार' असं बटण. कुणी कुणी दाबलं ते रोज बघतात.
"समद्या स्टँडला दाखवलंय म्या. आता काय सांगू, लेकीचं लग्न न्हाय?"
"लग्न आहे दादा, फक्त आधी आहे."
उठून बाहेर गेले.

९ फेब्रु.
नातेवाईक अजून लिंक पुढं पाठवतायत. मी तारीख बदलायला गेले तर पानाचा पासवर्ड कुणालाच आठवेना. वेबसाइटच्या कंपनीत विचारलं. वेबसाइटच्या नावाची नोंदणी रद्द केली की पान बंद पडतं. पण नोंदणी दादांची, रद्द करायचा कोड त्यांच्याच मोबाइलवर येणार. झालं!

१० फेब्रु.
नोंदणी रद्द करायचा अर्ज टाकला. दादांचा मोबाइल वाजला. बघितला, खिशात घातला, चहा मागितला. कोडची वेळ गेली. राग आला, अन् हसूही.

१३ फेब्रु.
जेवताना दादा एकदम, "गडचिरोलीला जाणार कशी?"
म्हणलं, बघू.
"बघू काय? लातूर गाठायचं, तिथनं नांदेड, पुढं चंद्रपूर." जुन्या कंडक्टर मित्रांना फोन सुरू. कुठल्या स्टँडवर जेवण चांगलं, कुठली गाडी वेळेवर सुटते. ताट तसंच. लई दिवसांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला.

१४ फेब्रु.
सकाळी स्वतःच म्हणाले, "टाक अर्ज."
कोड आला. "चार... थांब, चष्मा कुठंय... चार, शून्य..." मी टाकत गेले. स्क्रीनवर आलं, नोंदणी रद्द. खाली बारीक अक्षरात, काही दिवसांच्या आत परत घेता येईल.
"परत घेता येतंय व्हय?"
"येतं."
"हं."

१६ फेब्रु.
सु.नं हार सांगून ठेवले. आई माझी पेटी भरतीय, दोनदा भरून दोनदा काढली. घरात नुसती धांदल! धीर करून दादांना विचारलं, "रविवारी अणदूरला याल ना?"
"कोड दिला. येतो म्हणलो न्हाय अजून."
एवढं बोलून स्टँडकडं निघाले. दारात थांबून म्हणाले, "अणदूरला किती वाजता पोचायला पायजे?"
मी उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यावरनं वळले.