रुमालातली डिस्क

मंगळवार, संध्याकाळ

आज उस्मानपुऱ्यातल्या अभ्यासिकेचा संगणक सुरूच होईना. तिथली साफसफाई आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या शोभामावशी दारातच म्हणाल्या, "दादा, म्या निस्तं बटण दाबलं. आता कामावरून काढतेत का मला?"

संगणकाला लावलेली बॅकअपची डिस्क त्यांनी काढून, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली होती. जपून ठेवा, असं मीच सांगितलेलं. या संगणकात मी बसवलेलं लिनक्स सुरू होताना एफएसटॅब नावाची फाइल वाचतं आणि तिच्यातली प्रत्येक डिस्क जोडू पाहतं. एखादी सापडली नाही, की थोडी वाट पाहून तिथंच अडतं. त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय लिहिला असता, तर तिच्याविनाही पुढं गेलं असतं. कसा राहिला? सगळ्या ओळी दोनदा तपासल्या होत्या ना मी?

आता लिहिला. डिस्क रुमालातच राहू दिली आणि बटण मावशींनाच दाबायला लावलं. सुरू झालं.

"डिस्क काढली म्हणून नाही, चूक माझी होती, मावशी."

"व्हय, व्हय," म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून.

निघताना पाहिलं, तर डिस्क त्यांनी परत संगणकाला लावून ठेवली होती. रुमाल घडी करून पिशवीत टाकत होत्या.