न कापलेलं पान

धुळे, १२ जानेवारी १९३६

आज खोटं बोलले. तेही नानांशी!

इतिहाससंशोधक जीवराम नानांची दृष्टी गेल्यापासून दर रविवारी मी त्यांना नवी पुस्तकं वाचून दाखवते. शाळेतल्या पोरींपेक्षा हा एकच विद्यार्थी जास्त प्रश्न विचारतो. जळगावच्या रुपचंद मास्तरांचं ग्रहणांवरचं पुस्तक आलंय—शास्त्राने इतिहासाच्या तारखा कशा तपासाव्यात, त्यावर. पानं जुळलेली, सुरीने कापत कापत वाचायचं.

पंचेचाळिसाव्या पानाच्या तळाशी नानांचंच नाव! ‘चोपड्याकडील ताम्रपटाचे साल ठरवताना जीवराम नानांनी गत, म्हणजे पूर्ण झालेला, शक हा चालू शक मानला. त्यामुळे साल एकाने चुकले. त्यांनी धरलेल्या वर्षी त्या अमावास्येला सूर्यग्रहण नव्हतेच.’

हे मोठ्याने वाचलंच नाही. पुढची दोन पानं कापलीच नाहीत. म्हटलं, “इथे नुसता आकड्यांचा तक्ता आहे, नाना.”

“बरं. पुढे वाचा.”

बावीस वर्षं त्या ताम्रपटावर घालवली माणसाने! मास्तरांना काही वाटू नये?

१४ जानेवारी

तिळगूळ द्यायला गेले, तेव्हा नानांच्या पत्नी भागाबाईंना स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. लाटणं थांबलं. म्हणाल्या, “त्या ताम्रपटमाच त्यास्ना जीव शे, माय. नको सांगू.”

मग नाही सांगणार.

१९ जानेवारी

रुपचंद मास्तर स्वतःच आले! नानांना असं खुललेलं किती दिवसांनी पाहिलं. “तुमचं शास्त्र आकाशातलं सांगतं, पण दान कुणी कुणाला दिलं ते आम्हालाच विचारावं लागतं ना?” मास्तर हसून लोटपोट.

मग मास्तर म्हणाले, “नाना, तुमचा उल्लेख केलाय, तो पटला ना?”

वर विचारायलाही धजतात! मी पोह्यांची बशी अशी पुढे लोटली की अर्धे पोहे त्यांच्या धोतरावर. नाना गालातल्या गालात हसत होते. कशाला, कळलं नाही. मी मास्तरांशी ते जाईपर्यंत बोलले नाही.

२३ जानेवारी

भागाबाई म्हणाल्या, नाना दिवसभर ते पुस्तक मांडीवर घेऊन बसतात. नुसता हात फिरवतात.

२६ जानेवारी

गेल्या गेल्या नानांनी पुस्तक हातात दिलं. कडेवर बोट ठेवलेलं. “बाई, एवढंच जुळलेलं राहिलंय. आणि तक्ता बघून कुणाचा गळा दाटत नाही.”

सुरी घेतली. वाचलं—‘ही चूक मला दाखवली ती खुद्द जीवराम नानांनीच. दृष्टी जाण्यापूर्वी स्वहस्ते लिहिलेले त्यांचे ते शेवटचे पत्र मी जपून ठेवले आहे.’

मला रडू आवरेना. नानांनी डोक्यावर हात ठेवला.

“शेवटचं कसलं? कागद घ्या. एकतिसाव्या पानावर मास्तरांचीही एक चूक आहे.”